डोळे अंधाराला सरावेपर्यंत

फुकुए, गोतो बेटं
११ ऑक्टोबर

प्रिय युरिए,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं. अजून तसंच आहे, वारा लागल्यासारखं डावीकडे कललेलं. त्यावरून शाळेत मदर क्लोतिल्द तुझ्या बोटांवर पट्टी मारायच्या आणि रडायचे मी. आईच्या अंत्यविधीला तू पाठवलेल्या पुष्पचक्रावर छापील अक्षरं होती, त्यामुळे मधली कितीतरी वर्षं तुझं अक्षर पाहायला मिळालं नव्हतं.

तुझे यजमान मासातो गेले, वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिसा सांगितली आहे. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण परमेश्वर इतकं बारीक बघत नसावा.

तू लिहितेस, "ताई, संध्याकाळी गायींचं आवरलं की घर खायला उठतं. चिहारु म्हणते, आई, काहीतरी छंद लाव. इथे उत्तरेला आकाश एवढं मोठं आहे, वाटलं तारे बघावेत. पण सुरुवात कुठून करतात तेच कळत नाही. बाबांनी तुला शिकवलं होतं ना?"

हो, मला शिकवलं होतं. कपडे वाळवायच्या छपरावरच्या ओट्यावर मी आणि बाबा बसायचो. तू पाच मिनिटांत "पाय गार पडले" म्हणून खाली पळायचीस, आणि बाबा जिन्यावरून हाक द्यायचे, "जा, झोप! तारे काय, उद्याही आहेत!" मला ते असं कधी म्हणाले नाहीत. मी उठतच नसे. पुढे आईची दृष्टी गेली. तिला अंधार पडल्यावर एकटं सोडता येईना, तेव्हा चौदा वर्षं मी त्या ओट्यावर गेले नाही. तू ज्याला छंद म्हणतेस त्याला मी काय म्हणत असे, ते आठवत बसले आज.

असो. तू मला विचारलंस हे फार बरं केलंस.

दुर्बीण आत्ता घेऊ नकोस. नवशिके हीच चूक करतात. आधी मोठी दुर्बीण घेतात, तिच्यातून शेजाऱ्याचं छप्पर बघतात आणि वसंत येईपर्यंत ती कपाटात जाते. तुला फक्त एक आरामखुर्ची, दोन घोंगड्या आणि तुझे दोन डोळे हवेत. गोठ्याच्या दिव्याकडे पाठ करून बस. विजेरीला लाल कागद बांध. आणि निदान अर्धा तास काळोखात नुसती बसून राहा. फोन नको, दिवा नको. डोळ्यातली बाहुली हळूहळू पसरते, अगदी पुरती उघडते, आणि मग आधी जिथे काहीच नव्हतं तिथे तारे येऊन उभे राहतात. घाई केलीस तर काही दिसणार नाही. जितका वेळ अंधारात, तितकं जास्त.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर मला तू सापडत नाहीस.

तुझी ताई,
शिनोबु


फुकुए
२० ऑक्टोबर

आदरणीय डॉ. देगुची,

सोबत आमच्या झाडांच्या कामेलिया बियांच्या तेलाची बाटली पाठवते आहे. तुमच्या पत्नींना केसांसाठी आवडेल.

मागच्या तपासणीला तुम्ही विचारलंत, "सख्खी बहीण आहे का?" मी आहे म्हटल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. म्हणालात, "मग त्यांना आधी डोळे दाखवायला सांगा. तुमच्या आईंचा हा काचबिंदू लेकींत उतरतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुमची अरुंद होती, तशी त्यांचीही असणार. अशा माणसानं फार वेळ काळोखात बसू नये. बाहुली पसरते, वाट दाबली जाते. आधी नुसती ताकीद मिळते, दिव्याभोवती रंगीत कडी, कपाळ दुखणं. मग एक दिवस वाट बंदच होते."

मी विचारलं, "आणि आधीच दाखवलं तर?"

तुम्ही हसलात. "तुमचं केलं तेच. किरणानं एक बारीक छिद्र. बाहेर ठेवलेला चहा निवायच्या आत परत."

तेव्हा मी सांगितलं होतं की आम्हा बहिणींचं बोलणं नाही. आता पत्रव्यवहार सुरू झाला आहे. तुम्ही तिच्यासाठी दिलेलं माहितीपत्रक मी प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलं आहे. योग्य वेळी तिला पाठवीन.

आपली,
शिनोबु


फुकुए
१८ नोव्हेंबर

प्रिय युरिए,

किती दिवसांनी हसले तुझं पत्र वाचून! "ताई, कृत्तिका दिसल्या! सहा मोजल्या! शेजारच्या गोठ्यातला म्हातारा विचारतो, 'बाई, अंगणात कुणावर ओरडताय?' मी म्हटलं, 'वर बघा, वर!' तो म्हणतो, 'वर काय बघू, माझी गाय खाली आहे.'"

सहा म्हणजे चांगल्या डोळ्यांची खूण. बाबांना सात दिसायच्या, मला आठ. बाबा मला म्हणायचे, "तुझे डोळे म्हणजे घरातला दागिना आहे, शिनोबु. चुलीच्या धुरात घालवू नकोस." मग आई खालून ओरडायची, "दागिन्याला म्हणावं, खाली ये, भांडी पडलीत!" 

तू आता रोज बाहेर बसतेस, कधी दोन दोन तास. वाचून बरं वाटलं. बायनॉक्युलर घ्यायला हरकत नाही आता. फार मोठे नकोत, हात थरथरतात. मृग उगवायला लागला की त्याच्या तलवारीत बघ, मधल्या ताऱ्याला धुक्यासारखं काहीतरी वेढून बसलेलं दिसेल. ते बघताना सरळ रोखून बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. फिकट वस्तू डोळ्याच्या कडेनं दिसते. हे मला इतकं आवडायचं लहानपणी. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे न बघणं.

नववर्षाला आई व्हरांड्यात फोनजवळ उशी घालून बसायची. तुझा फोन यायचा असायचा ना.

"वाजला का ग?"

"नाही, आई."

"तुझे कान बधिर झालेत. मला दिसत नाही, तुला ऐकू येत नाही, छान जोडी आहे!"

मग तीच हसायची. विनोदी होती आपली आई. तुला आठवत नसेल, तू लवकर गेलीस.

तुझी ताई


फुकुए
१५ डिसेंबर

प्रिय युरिए,

रताळ्याचे मोची पाठवले आहेत. भाजून खा, कच्चे गिळू नकोस.

तू लिहितेस, "काल दीड तास बसून आत येताना रस्त्यावरच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसली, लाल, हिरवी, निळी. ताई, किती सुंदर! फक्त उजव्या भुवईवर असा ठणका लागला की जेवण गेलं नाही. दिवे लावून पडून राहिले, झोप लागली, सकाळी काही नाही."

'किती सुंदर' हे अगदी आईसारखं लिहिलंस.

तुमच्याकडच्या थंडीत हवेत बर्फाचे कण तरंगतात, त्यांनी दिव्याभोवती कडी पडते. भिंगावर श्वासाची वाफ धरली तरी पडते. बाबांनी मला दोन्ही दाखवलं होतं. डोकं थंडीनं दुखतं, घट्ट टोपीनंही दुखतं. सैल लोकरीची टोपी विण. झोपेनं थांबतं आहे तर झोपत जा. पहिल्या हिवाळ्यात सगळेच कुरकुरतात आणि अर्धे लोक इथेच सोडून देतात. तू सोडशील असं मला वाटलं होतं. पाय गार पडले म्हणून पळणारी तू! यंदा मात्र नाही पळालीस.

नाताळच्या मिसेला मी आपल्या दोघींसाठी मेणबत्ती लावीन. देवळात दिवे मालवून अंधार करतात आणि मग एकेक ज्योत पेटत जाते, तो क्षण आठवतो तुला? आई माझा हात धरून उभी असायची. तिच्या त्या वेळच्या एका नाताळची आठवण आहे माझ्याकडे. पत्रात नको.

तुझी ताई


फुकुए
६ जानेवारी

प्रिय युरिए,

नववर्षाच्या शुभेच्छा.

आजीची चाल तू पाळलीस! मी तर विसरले होते. नववर्षाच्या पहाटे आजी आपल्याला पांघरुणासकट ओट्यावर काढायची. "सप्तर्षींच्या शेपटीकडे बघा. मधल्या ताऱ्याला चिकटून एक बारका तारा आहे, तो आयुष्याचा तारा. दिसला तर वर्ष तुमचं. नाही दिसला तर वर्ष सरायच्या आत..." आणि मानेवर बोट फिरवायची. बाबा चिडायचे, "आई, पोरांना काय सांगतेस! मी शाळेत विज्ञान शिकवतो!" आजी म्हणायची, "तू शिकव विज्ञान. समुद्रावर जाणारी माणसं तपासून घ्यायला लागतात." तू दर वर्षी न बघताच "दिसला, दिसला!" म्हणायचीस आणि परत अंथरुणात.

यंदा तू खरंच बघितलंस. लिहितेस, "धारा काढायला उठले तेव्हा बघितला. डाव्या डोळ्यानं दिसतो, उजव्यानं नाही. दोन तारे मिळून एक धुकट डाग. चिहारूला म्हटलं, चला, यंदा माझा नंबर! ती केवढी ओरडली माझ्यावर. ताई, मला जमत नाहीये की काय?"

जमतं आहे तुला. दोन चिकटलेले तारे सुटे करणं नवशिक्याला जड जातंच. पुष्कळदा बसावं लागतं.

एक सांगू? मी तुला बाबांची दुर्बीण पाठवली आहे. लाकडी तिपाईसकट, तीन खोक्यांत. आई गेल्यावर तू निरोप धाडला होतास की तुला घरातलं काही नको, फक्त ती दुर्बीण आठवण म्हणून हवी, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आता ती योग्य माणसाकडे येते आहे. तिच्यातून तो बारका तारा इतका लांब आणि स्वच्छ दिसतो की आजीलाही पटलं असतं. बघताना दुसरा डोळा मिटून घेऊ नकोस, उघडाच ठेव, बाबा तसंच सांगत. आणि बघण्याआधी नेहमीसारखी अंधारात बस. दुर्बिणीला उघडलेली बाहुली हवी असते.

तुझी ताई


फुकुए
९ फेब्रुवारी

प्रिय युरिए,

दुर्बीण सुखरूप पोचली, तिपाईचा एकही पाय मोडला नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. शनीची कडी अजून महिना-दोन महिने उगवायची नाहीत, पण चंद्रावरचे खड्डे बघून तू रडलीस म्हणतेस. मीही रडले होते. बाबा म्हणाले होते, "पुसून घे, पाण्यातून नीट दिसत नाही."

आता तुझ्या बाकीच्या मजकुराबद्दल.

चिहारु म्हणते शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात चल. गुणी पोर आहे, आईची काळजी करते. तू लिहितेस, "आठवड्यातून दोनदा तरी ती कडी दिसतात, आता बर्फ पडत नसलं तरी. उजवीकडून येणारी गाय अंगावर येईपर्यंत कळत नाही. तुला हसू येईल, पण काल खांबाला 'माफ करा' म्हटलं. ताई, आईला असं काही झालं होतं का ग? तू होतीस ना तिच्याजवळ."

होते मी तिच्याजवळ.

आईचं सगळं या पत्रात मावायचं नाही. तू ये, समोर बसून सांगते.

दवाखान्यात जायचं तर जरूर जा, मी कोण अडवणार? पण बर्फ आहे. रस्ते बंद होतात. गायी विणार असतील. चिहारूला रजा काढावी लागेल. आणि येत्या अमावास्येला जे आकाश मिळेल ते वसंतात मिळायचं नाही, हिवाळ्यातले तारे तोवर मावळतीला लागतात. बर्फ वितळल्यावर जाता येईल. दवाखाना काय, उद्याही आहे.

ही वाक्यं तुला ओळखीची वाटतात का?

तुझी ताई


फुकुए
२८ मार्च

प्रिय युरिए,

हे पत्र चिहारु तुला वाचून दाखवेल, म्हणून तिला नमस्कार. बाळ, सावकाश वाच. तुझ्या आईला घाईघाईत वाचलेलं आवडत नसे.

तुझा फोन आला तेव्हा मी गडबडले, चिहारु. तू इतकी ओरडत होतीस की निम्मं कळलं नाही. "मावशी, दोन दिवस तिला पोटाचं औषध देत होते! उलट्या होतात म्हणून! डोळा लाल झालाय हे कुणी बघितलंच नाही! डॉक्टर विचारतात घरात कुणाला होतं का, आई म्हणते नाही, आजीचं वयानं झालं. मावशी, तुम्हाला माहीत होतं का?" मी फोन ठेवला, कारण चुलीवर किटली होती. आता शांतपणे उत्तर देते.

उजवा डोळा गेला आणि डाव्याला उजेड कुठून येतो तेवढं कळतं, असं तू म्हणालीस. उजेड कळणं पुष्कळ आहे. आईला तेही नव्हतं.

युरिए, तू विचारलं होतंस आईला काय झालं होतं. आता तू काही येण्यासारखी नाहीस, तेव्हा लिहिते.

नाताळच्या मिसेला देवळात अंधार केला होता. पहिली ज्योत पेटली तशी आई माझा हात दाबून म्हणाली, "शिनोबु, मेणबत्तीभोवती इंद्रधनुष्य आहे. किती सुंदर!" मला वाटलं, तिला काही साक्षात्कार होतो आहे. घरी आल्यावर तिची भुवई ठणकत होती. झोपल्यावर थांबली. नववर्षाला तिला तो बारका तारा दिसला नाही आणि ती म्हणाली, "चला, सुटले." फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती ओकायला लागली. आपल्या गावच्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. तीन दिवसांनी बोटीनं नागासाकीला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ती वीज वाचवायला दिवसभराचं काम संपलं की काळोखात बसायची आणि मी तिला बसू द्यायचे.

मी तुला पत्र लिहिलं होतं. चार पानी. आई तुझं नाव घेते आहे, आठ दिवस ये, मला एकटीला जमत नाही, माझी नागासाकीची वेधशाळेची नोकरी जाईल. तुझं उत्तर माझ्याजवळ आहे, पण मला ते बघायची गरज नाही. "ताई, बर्फ आहे. रस्ते बंद होतात. गायी विणार आहेत. बर्फ वितळल्यावर बघू."

मी बर्फ वितळायची वाट बघितली. आपल्या बेटावर बर्फ नसतंच, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. पुढे आई रोज विचारायची, "तिकडे वितळलं असेल का ग?" मे महिन्यात विचारायची. ऑगस्टमध्ये विचारायची. मग तिनं विचारणं सोडलं, आणि मी तिचं नख कापताना, तिच्या भातातले माशाचे काटे काढताना, मनात तेच विचारत राहिले. वेधशाळेनं दुसरा माणूस घेतला. चांगला होता, नवा धूमकेतू सापडला तेव्हा त्याचा फोटो पेपरात आला. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुला आठ कृत्तिका दिसायच्या." तेवढंच.

चिहारूला वाटतं मी खोटं बोलले. बाळ, माझी सगळी पत्रं काढून बघ, तुझ्या आईनं ठेवली असतील. बर्फाच्या कणांनी कडी पडते, हे खरं आहे. टोपीनं डोकं दुखतं. नवशिक्याला चिकटलेले तारे सुटत नाहीत. अमावास्येचं आकाश खरंच तसं होतं. मदर क्लोतिल्द आम्हाला शिकवायच्या, "पत्रात खोटं लिहिणं पाप आहे, मुलींनो; पण मनातलं सगळं लिहिणं हा शिष्टाचार नव्हे." मी त्यांची चांगली विद्यार्थिनी होते. पट्टी नेहमी युरिएला पडायची.

सोबत आमच्या डॉक्टर देगुचींचं एक माहितीपत्रक जोडते आहे. ऑक्टोबरपासून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं, म्हणून कडेला थोडं पिवळं पडलं आहे. हे तुझ्यासाठी आहे, चिहारु. तूही आमच्याच घरातली लेक आहेस. उद्याच जा. बर्फ असो नसो. दहा मिनिटांचं काम आहे, चहा निवायच्या आत होतं. तुझे डोळे मला फार आवडतात, मासातोंच्या अंत्यविधीच्या फोटोत बघितले.

आणि युरिए, तू इकडे ये. गायी विकून टाक. चिहारूला तिचं आयुष्य आहे, तिनं कोणाची नखं कापत बसू नये. घर तसंच आहे. आईच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून व्हरांड्यापर्यंत मी बांधलेली दोरी मी अजून काढलेली नाही. मधे दोन ठिकाणी विरली होती, या आठवड्यात बदलली. कुठे गाठ मारली की वळण येतं हे हाताला कळतं, तू तीन दिवसांत शिकशील. माशाचे काटे मी काढून देईन. मला हे सगळं येतं. या जगात मला हे आणि आकाश, दोनच गोष्टी नीट येतात, आणि आकाश मी तुला देऊन टाकलं.

बाबांची दुर्बीण येताना घेऊन ये. संध्याकाळी आपण ओट्यावर बसू. पाय गार पडले तरी आता तुला पळता यायचं नाही. मी बघेन आणि तुला सांगेन काय काय उगवलं ते.

तू चिहारूला म्हणालीस म्हणे, "तो तारा दिसला नव्हता, मला तेव्हाच कळलं होतं. आता वर्ष सरायच्या आत सुटेन." चिहारु रडत होती सांगताना. तिला सांग, रडू नकोस. आजीचं म्हणणं बाबांना कधी पटलं नाही, आणि बाबांचंच बरोबर होतं. मी जवळून बघितलं आहे.

तो तारा न दिसणारं माणूस वर्षात मरत नाही. आई चौदा वर्षं जगली.

तुझी ताई,
शिनोबु